बाटली आडवी करता येते, अंदाजपत्रक नाही

गावात किंवा शहराच्या वॉर्डात दारूचे दुकान नको असेल, तर ते बंद करण्याची वाट महाराष्ट्रात कायद्यानेच आखून दिलेली आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, राज्य उत्पादन शुल्क विभागाने सह्या पडताळून पाहायच्या आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकानाला टाळे लागते. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. २००८ च्या शासन आदेशातली ही अट भलतीच कडक आहे. आमदार निवडायला एवढी मते लागत नाहीत. तरीही रोजमजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांनी गावोगावी ती पुरी करून दाखवली आहे. यवतमाळ जिल्ह्यात तर अख्खा जिल्हाच दारूमुक्त करा म्हणून महिलांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. म्हणजे एखाद्या नेमक्या प्रश्नावर हो किंवा नाही असा थेट कौल देणे मराठी मतदाराला नवे नाही आणि जमत नाही असे तर मुळीच नाही.

त्याच वॉर्डातल्या त्याच बाईला दुसऱ्या एका प्रश्नावर मात्र शिक्का मारता येत नाही. गल्लीतल्या धडधाकट रस्त्यावर पुन्हा काँक्रीट ओतायचे, की आधी नळाच्या पाण्याचे बघायचे? ती निवेदन देऊ शकते, नगरसेवकाला गाठू शकते, उपोषणाला बसू शकते, पण मत देऊ शकत नाही. नगरपरिषदेच्या तिजोरीतून किती, कशावर आणि कशाच्या आधी खर्च व्हावा, यावरचे तिचे मत पाच वर्षांतून एकदा, तेही कुणाच्या तरी नावाआड आणि चिन्हाआड दडून नोंदले जाते. ‘खर्चमर्यादा’ हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असतो खरा, पण ती असते उमेदवाराची. मंडप, गाड्या, जेवणावळी यांचा हिशेब निवडणूक आयोग मागतो. निवडून आल्यावर हेच लोक जे कोट्यवधी रुपये खर्चणार, त्यांना मतदाराने घातलेली मर्यादा आपल्या शहरांत कुठेच नसते. अमेरिकेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या शहरांत ती असते, आणि नागरिक ती थेट मतदानाने घालतात. मात्र या दोन देशांच्या तऱ्हा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. त्यातली एक उचलून आणली तर आपली लहान शहरे आणखी पांगळी होतील. दुसरीचे बीज आपल्याच जमिनीत, यवतमाळच्याच केळापूर तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या वस्त्यांपर्यंत, म्हणजे पोडांपर्यंत, कायद्याने कधीच पेरून ठेवले आहे. शहराच्या वेशीवर येऊन ते थांबले आहे, एवढेच.

केळापूर हे तालुक्याचे नाव, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर गावाची ओळख जगदंबेच्या देवळामुळे. बाजारपेठ, एसटीचे आगार आणि नगरपरिषद हे सगळे मात्र नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या पांढरकवड्यात. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत सरकारी कागदांत वणी जिल्हा म्हणून नोंदला जाई, तेव्हाही केळापूर हा त्यातला एक तालुका होता. कापसाचा, गोंड आणि कोलाम वस्तीचा, टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेला हा मुलूख. तालुक्यातली बरीच गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे एकाच तालुक्यात लोकांच्या पैशाचे दोन कायदे नांदतात. अनुसूचित गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, तर नगरपरिषद चालते ती १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाखाली. हा अधिनियम येण्याआधी वऱ्हाडातल्या नगरपालिका १९२२ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड नगरपालिका कायद्याने चालत. कायदे बदलत गेले, पण खर्चावर नजर ठेवायची ती वरून, साहेबाने, ही चाल तेव्हापासूनची.

पेसा कायद्याने ग्रामसभेला काय दिले, ते नीट पाहण्यासारखे आहे. कलम ४ मध्ये दोन तरतुदी लागोपाठ येतात. गावाच्या विकासाच्या योजना, कार्यक्रम आणि प्रकल्प पंचायतीने हाती घेण्याआधी त्यांना ग्रामसभेची मंजुरी हवी, ही पहिली. पंचायतीने त्यांवर केलेल्या खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचे, ही दुसरी. आधी संमती आणि नंतर हिशेब, अशी दोन्ही टोके गावाच्या हाती. महाराष्ट्राने ४ मार्च २०१४ ला नियम केले आणि पाड्याला, टोल्याला, पोडाला ठराव करून स्वतःचे वेगळे गाव म्हणून जाहीर होण्याचा मार्ग खुला केला. पाठोपाठ आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना लोकसंख्येप्रमाणे देण्याचा निर्णय झाला. गावात त्याला ‘अबंध निधी’ म्हणतात. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता आणि वन-जलसंधारण असे चार ढोबळ मथळे आहेत, पण त्यांच्या आत कोणते काम घ्यायचे ते ग्रामसभेने ठरवायचे. चाळीस-पन्नास घरांच्या पोडावरल्या कोलाम बाईला कायद्याने दिलेला हा अधिकार तालुक्याच्या शहरातल्या वकिलाला, डॉक्टरला, कापसाच्या व्यापाऱ्याला नाही. शहर पुढारलेले आणि पाडा मागासलेला, अशी आपली समजूत असते. निदान तिजोरीपुरता तरी कायदा ती मानत नाही.

कागदावरचे सगळे जमिनीवर उतरले, असा दावा कुणी करू नये. ग्रामसभेला शंभर किंवा पंधरा टक्के मतदारांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, असे सर्वसाधारण ग्रामपंचायतीचा नियम सांगतो. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. या एका पळवाटेतून गावोगावचे किती ठराव निघून गेले असतील! सही आधी आणि ठराव नंतर लिहिला जातो, प्रोसिडिंग बुक ग्रामसेवकाच्या पिशवीतून फिरते, हे ग्रामीण भागात राहणाऱ्या कुणालाही नवीन नाही. तरीही फरक उरतोच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली आणि सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार गावाच्या हाती घेतला. हे घडू शकले, कारण कायद्यात धरायला एक खुंटी होती. जिथे हक्क आहे पण वापर नाही, तिथे उद्या वापर होऊ शकतो. शहरात मुळात हक्कच नाही.

शहरात खर्चाला मर्यादा नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट त्या भरपूर आहेत, फक्त सगळ्या वरून येतात. १९६५ च्या अधिनियमाने नगरपरिषदेची आवश्यक कामे कोणती आणि ऐच्छिक कोणती, हे आखून दिले. अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेने मंजूर करायचे. कामाला तांत्रिक मान्यता वेगळी, प्रशासकीय मान्यता वेगळी. कर्ज काढायचे तर राज्य सरकारची परवानगी. १९१४ चा स्थानिक प्राधिकरणे कर्ज अधिनियम आजही त्यासाठी दाखवला जातो. एखादा ठराव नगरपरिषदेच्या किंवा लोकांच्या हिताला बाधक वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. विरोधी नगरसेवक सभेत हरले की ‘३०८ दाखल करतो’ म्हणतात, ते हेच. मुख्याधिकारी सरकारचा, लेखापरीक्षण सरकारचे, स्थगिती सरकारची. खर्च अडवण्याची इतकी दारे असूनही त्यातले एकही नागरिकाच्या घराकडे उघडत नाही. निवडून आलेली माणसेच नसली तर काय होते, तेही अलीकडे पाहून झाले. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात रेंगाळला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. मधली वर्षे प्रशासकांची. त्या काळात अंदाजपत्रके झाली, निविदा निघाल्या, बिले फिटली. कायद्याच्या दृष्टीने सगळे यथास्थित. मतदार कुठे आहे, असे यंत्रणेने एकदाही विचारले नाही, कारण विचारण्याची तिला गरजच पडत नव्हती.

वरच्या मर्यादा इतक्या घट्ट का, याचे उत्तर पैशाच्या वाटेत आहे. नगरपरिषदांचे हक्काचे मोठे उत्पन्न होते जकात. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्याकडून सहायक अनुदान येऊ लागले. नाक्यांवरचा जाच, लाच आणि ट्रकांच्या रांगा यांना सगळेच विटले होते, त्यामुळे जकात गेल्याचे दुःख फारसे झाले नाही. पण तिच्याबरोबर शहराच्या तिजोरीची किल्लीही मुंबईला गेली. उरली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार वसुली. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याशीच बांधून टाकली. बाकीचे येते ते नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामे, आमदार निधी अशा नावांनी आणि प्रत्येक नावामागे कुणाचे तरी शिफारसपत्र असते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये पालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. त्यानुसार भारतातल्या शहरी संस्थांचा जमाखर्च दशकभराहून अधिक काळ सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एका टक्क्याच्या आसपास अडकून आहे. ब्राझीलमध्ये तो ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के. आपल्या शहरांचे दुखणे अवाढव्य खर्चाचे नाही. कमी पैसा आणि तोही दुसऱ्याच्या मर्जीचा, हे दुखणे आहे. हे निदान डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय खर्चमर्यादेचे औषध घेऊ नये.

आता अमेरिकेचे औषध बघू. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर केला. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला आणि कराच्या हिशेबातली ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही असे ठरवले. घरांच्या किमती भडकल्या होत्या, निवृत्त माणसांना घरपट्टी भरणे अवघड झाले होते. लोकांचा राग खरा होता. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, पॉल गॅन यांच्या पुढाकाराने ‘प्रस्ताव ४’ आला आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मतांनी मंजूर झाला. त्याने थेट खर्चावरच टोपण बसवले. राज्य असो की शहर, १९७८-७९ च्या पातळीवरून महागाई आणि लोकसंख्या वाढेल तेवढाच खर्च वाढवायचा, त्याहून जास्त करउत्पन्न आले तर ते परत करायचे. शहराला ही मर्यादा ओलांडायची असेल तर मतदारांसमोर जायचे आणि मिळालेली मुभाही जास्तीत जास्त चार वर्षांची. तिथल्या गावाशहरांच्या मतपत्रिकांवर चार-चार वर्षांनी हा प्रश्न येण्यामागे ही अट आहे. १९९० मध्ये ‘प्रस्ताव १११’ ने हे टोपण सैल केले. कोलोरॅडोने १९९२ मध्ये याहून कडक तरतूद राज्यघटनेतच घातली, आणि २००५ मध्ये मतदारांनीच ती पाच वर्षांसाठी बाजूला ठेवली. मधल्या काळात तिथल्या कित्येक शहरांनी, शाळा मंडळांनी आपापल्या मतदारांकडून सूट मागून घेतली.

या प्रयोगात लोकांचा सहभाग कमी नव्हता. खोट होती ती प्रश्नात. ‘एकूण किती?’ हे विचारले गेले, ‘कशावर?’ हे राहूनच गेले. पोलीस, ग्रंथालय, शाळा, गटारे यांची गरज महागाई आणि लोकसंख्या यांच्या सूत्राने हलत नाही. त्याहून मोठा परिणाम वेगळाच झाला. शहरांचे आणि कौंटींचे मालमत्ता कराचे उत्पन्न आटले, तेव्हा सॅक्रामेंटोतल्या राज्य सरकारने ती पोकळी भरून काढली आणि पैशाबरोबर निर्णयही तिकडे गेले. स्थानिक सरकारला वेसण घालायला निघालेल्या मतदाराने नकळत तिची दोरी राजधानीच्या हाती दिली. आपल्या जकातीची कहाणी याच्याशी किती जुळते पाहा. तिथे मतदानाने, इथे शासन निर्णयाने, पण शेवट एकच. ज्या शहराची तिजोरी आधीच अनुदानावर चालते, तिथे आकड्याची मर्यादा घालणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे. नगरपरिषदेने घरपट्टी वाढवू नये असा कौल घेतला तर तो बहुधा मंजूरही होईल, टाळ्याही पडतील. पुढच्या वर्षी पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी मंत्रालयात चकरा मारणाऱ्यांची रांग तेवढी लांबेल.

स्वित्झर्लंडची तऱ्हा अशी नाही. तिथल्या अनेक कॅन्टनांत आणि शहरांत ठरावीक रकमेहून मोठा नवा खर्च असेल तर तो आपोआप मतदारांसमोर जातो किंवा पुरेशा सह्या जमवून नेता येतो. पूल बांधायचा, शाळा बांधायची, स्टेडियम उभारायचे, तर त्या एका कामावर हो की नाही, एवढाच प्रश्न. बासेलच्या मतदारांसमोर डिसेंबर १९६७ मध्ये आलेला प्रश्न तर आपल्याला गमतीचा वाटेल. पिकासोची दोन चित्रे शहराच्या संग्रहालयातून विकली जाण्याची वेळ आली होती. किंमत ८४ लाख फ्रँक. त्यातले ६० लाख सरकारी तिजोरीतून द्यावेत का, यावर लोकांनी मतदान केले. उरलेले पैसे शहराने ‘भिकाऱ्यांचा मेळा’ भरवून, बूट पुसून, खाऊ विकून उभे केले होते. ३२,११८ विरुद्ध २७,१९० मतांनी खर्च मंजूर झाला. पिकासो इतका हरखला की त्याने आणखी चार चित्रे शहराला भेट दिली. दोन चित्रांसाठी लाखो फ्रँक मोजायला साधी माणसे तयार झाली, कारण कशासाठी, किती आणि आपला वाटा काय, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

म्हणून स्विस मतदार उधळ्या आहे, असे नाही. लार्स फेल्ड आणि जॉन मात्सुसाका यांनी २००३ मध्ये तिथल्या कॅन्टनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या नव्या खर्चाला मतदान सक्तीचे असलेल्या कॅन्टनांत सरकारी खर्च मधल्या कॅन्टनच्या हिशेबाने १९ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यांना आढळले. कुणी आकड्याची मर्यादा न घालता खर्च कमी झाला. याचे कारण माझ्या मते मतपेटीपेक्षा तिच्या आधी घडणाऱ्या गोष्टींत आहे. काम लोकांसमोर न्यायचेच आहे म्हटल्यावर ते मांडणाऱ्याला आधीच दहा वेळा विचार करावा लागतो. ज्या कमानीचे, कारंज्याचे, हायमास्टचे समर्थन चौकात उभे राहून करता येणार नाही, ती विषयपत्रिकेवरच येत नाही. मर्यादा दोन तऱ्हेच्या असतात, आकड्याची आणि संमतीची. आपल्या शहरांना दुसरी हवी आहे. पेसातली योजनेची पूर्वमंजुरी याच जातीची आहे. १९९६ साली दिल्लीत तो मसुदा लिहिणाऱ्यांपुढे स्वित्झर्लंड नव्हते, आदिवासी गावाची बसून ठरवण्याची रीत होती. दिलीपसिंह भुरिया समितीने १९९५ मध्ये गावांपुरते न थांबता अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठीही वेगळा अहवाल दिला होता. गावांचा कायदा पुढच्याच वर्षी झाला. शहरांसाठीचे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि पुढे सरकले नाही.

बाकीच्या शहरांसाठीही एक अर्धवट प्रयत्न झाला. २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा पैसा हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी केंद्राची अट होती. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आणली. पैसा आला, क्षेत्रसभा कागदावर राहिली. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवायला सुरुवात केली, ती प्रथा टिकून आहे. पण तिथेही नागरिक सुचवतो आणि निवड कार्यालय करते. बाकडी, पदपथ, दिवे यांपुढे सहसा गाडी जात नाही. मागणीच्या यादीत नाव घालणे आणि नको त्या खर्चावर फुली मारणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रतिनिधींचा. आम्हाला लोकांनी निवडून दिले, नगराध्यक्षही थेट निवडला, मग पुन्हा लोकांना विचारायचे कशाला? नगराध्यक्षाच्या थेट निवडीचा दाखला देणाऱ्यांनी तिचा इतिहास आठवावा. २०१६ मध्ये ती आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली, प्रत्येक वेळी सत्तेवर असलेल्यांच्या सोयीने. जो अधिकार सरकार बदलले की बदलतो त्याच्या जोरावर मतदाराला गप्प बसा म्हणता येत नाही. शिवाय दर कामावर मतदान घ्या, असे कुणी म्हणत नाही. दिवाबत्ती, सफाई, पगार, औषधे, दुरुस्ती हे रोजचे खर्च सभेचेच. मतदान फक्त कर्जावर आणि नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाहून मोठ्या नव्या कामावर. लहान नगरपरिषदेत अशी कामे वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकीच निघतील.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बहुसंख्य मतदार आपल्या मोहल्ल्याचा रस्ता मंजूर करतील आणि टोकाची झोपडपट्टी, पारध्यांचा बेडा, कोलामांची चार घरे कायमची मागे राहतील. हे भय खोटे नाही. आडव्या बाटलीच्या मतदानात बाधा कुणाला, हे पाहून कायद्याने केवळ महिलांच्या मतावर निर्णय घेण्याची सोय केली, कारण त्या घरातल्या मारहाणीच्या थेट साक्षीदार. खर्चात असा सरळ विभाग करता येत नाही. म्हणून काही पैसा मतदानाच्या बाहेर ठेवावा लागेल. दिव्यांगांसाठी आणि महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायचे टक्के, दलित वस्त्यांचा निधी, पिण्याचे पाणी, मैला वाहून नेण्याची सोय या गोष्टी हक्काच्या आहेत. त्यांवर कौल मागणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यावर आपण मत देणे. कॅलिफोर्नियाच्या मर्यादेत सगळे एकाच टोपणाखाली आले, त्यात गरिबांचेही आले. ही चूक इथे करता कामा नये. एवढे केल्यावर उरलेल्या पैशात बहुसंख्यांची मर्जी चालेल, हे खरे. पण आज काय चालते? आज ठेकेदाराची आणि शिफारसपत्राची मर्जी चालते. तीही बेड्यापर्यंत पोचत नाही.

सामान्य माणसाला अंदाजपत्रक कळत नाही, असेही म्हणतात. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक ज्या भाषेत छापले जाते ते पाहता हे आश्चर्याचे नाही. आरंभीची शिल्लक, भांडवली जमा, असाधारण खर्च, आणि दरवर्षी शेवटी न चुकता काही हजार किंवा काही लाखांची शिल्लक. ‘शिलकी अंदाजपत्रक सादर’ ही बातमी जिल्ह्याच्या पानावर दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि कुणालाच काही सांगत नाही. पण कापसाचा चुकारा, सोसायटीचे कर्ज, व्याजमाफी आणि पीकविम्याचा हप्ता यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या माणसाला हिशेब कळत नाही, हे कसे मानायचे? त्याला अडते ते मांडणीपाशी. पैसे वाटून मते घेतली जातील, या भीतीलाही फार वेगळे उत्तर नाही. ती निवडणुकीतही घेतली जातात. मात्र उमेदवाराला पाच वर्षांची सत्ता मिळते, म्हणून त्याला गुंतवणूक परवडते. एका रस्त्याच्या मंजुरीसाठी अख्खे शहर विकत घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

खर्च वाढेल म्हणून वेगळी निवडणूक नको असेल, तर ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी एखादी, २६ जानेवारी किंवा २ ऑक्टोबर, शहरानेही घ्यावी. मतदार यादी तयार असते, शाळांच्या खोल्या रिकाम्या असतात. बंधनकारक कौल हवा तर विधिमंडळाला १९६५ च्या अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल आणि अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी संसदेला २००१ चे काम हाती घ्यावे लागेल. पण केवळ सल्ल्यापुरता कौल घ्यायला नगरपरिषदेने एक ठराव करून सुरुवात करण्यात कुणाचे काय जाते? मतपत्रिकेवर कामाच्या नावाखाली चार ओळी असाव्यात. एकूण खर्च किती. त्यातला सरकारचा किती आणि आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतला किती. काम झाल्यावर त्याच्या देखभालीला दर वर्षी किती लागणार. आणि हे काम घेतले तर यंदा कोणते दुसरे काम मागे पडणार. चौथी ओळ लिहायला मुख्याधिकाऱ्यापासून नगराध्यक्षापर्यंत सगळे नाखूश असतील. ती सर्वांत मोठ्या अक्षरांत छापावी, आणि खाली दोन चौकटी, एक हो, एक नाही.